टनामागे रुपये किती, आणि ते कोणाच्या खिशातले?

वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही पोलंड, युक्रेन, कझाकस्तान अशा देशांनी वीज आणि उष्णता यांच्या क्षेत्रातील कार्बन उत्सर्जन कमी करण्याचे पर्याय कसे तोलून पाहिले, म्हणजे प्रत्येक पर्यायाने एक टन कार्बन डायऑक्साइड टाळायला किती पैसे पडतात हे कसे मोजले, यावर एक टिपण छापले होते. विदर्भाच्या कोळसापट्ट्यातील वाचकांना हा दूरदेशीचा विषय इतका जवळचा वाटेल, याची आम्हांला कल्पना नव्हती. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांतील प्रश्न येथे घेतले आहेत. लांब पत्रांचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : ‘संक्रमणशील अर्थव्यवस्था’ म्हणजे नेमके कोणते देश? भारत त्यांत मोडतो का? आणि त्यांच्या बाबतीत 1990 या वर्षाला इतके महत्त्व का?
— स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक विद्यार्थिनी, हिंगणघाट (जि. वर्धा)

उत्तर : ज्या देशांत 1989 ते 1991 या काळात सरकारी नियोजनाची व्यवस्था कोसळली आणि त्यानंतर ज्यांनी बाजारव्यवस्थेची वाट धरली, त्यांना हे नाव आहे. पोलंड, हंगेरी, बल्गेरिया, रुमानिया, युक्रेन, रशिया ही ठळक उदाहरणे. आर्थिक अर्थाने कझाकस्तानही त्यांच्यातलाच. 1992च्या हवामान बदलविषयक आराखडा करारात यांपैकी बहुतेकांना विकसित देशांच्या यादीत घेऊन वर थोडी मोकळीक देण्यात आली. भारताने 1991मध्ये आर्थिक धोरणे बदलली असली, तरी तो या गटात येत नाही. करारात त्याचे स्थान विकसनशील देशांत आहे.

उत्सर्जन घटवण्यासाठी झालेल्या 1997च्या क्योटो करारात घट मोजण्याचे मूळ वर्ष 1990 ठरले, परंतु पोलंड आणि बल्गेरिया यांना 1988, रुमानियाला 1989 आणि हंगेरीला 1985 ते 1987 या तीन वर्षांची सरासरी धरण्याची मुभा मिळाली. कारण उघड आहे : 1990 उजाडेपर्यंत त्यांचे कारखाने घसरणीला लागले होते, आणि मोजणी जितकी आधीच्या वर्षापासून, तितकी घट मोठी दिसणार. युक्रेनचे उत्सर्जन 1990 ते 2000 या दहा वर्षांत निम्म्याहून अधिक खाली आले, पण त्यात धोरणाचा वाटा अगदी थोडा होता. पोलादाच्या भट्ट्या थंडावल्या, खाणी रखडल्या, माणसे घरी बसली. नागपूरची एम्प्रेस मिल 1877 साली सुरू झाली आणि कालांतराने बंद पडली. तिचा विजेचा वापर शून्यावर आला म्हणून त्याला कोणी वीजबचत म्हटले नाही. क्योटो करारात मात्र अशा घटीतून उरलेला उत्सर्जनाचा कोटा (देशाला ठरवून दिलेली मर्यादा) इतर देशांना विकता येत होता, आणि टीकाकारांनी त्याला ‘गरम हवा’ असे नाव ठेवले. म्हणून कोणताही पर्याय तपासताना पहिला प्रश्न हाच असतो की, आपण काहीच केले नसते तर उत्सर्जन किती झाले असते. या कल्पित रेषेला आधाररेषा म्हणतात. ती चुकीची ओढली, तर पुढचे सारे गणित बरोबर सोडवूनही उत्तर चुकतेच.

प्रश्न : आपल्या टिपणात लिहिले होते की, वीजबचतीचे पर्याय ‘उणे खर्चाचे’ असतात, म्हणजे प्रत्येक टन कार्बन टाळताना उलट पैसेच मिळतात. माझ्या विहिरीवर पाच एच.पी.ची जुनी मोटर आहे, तीनदा रिवाइंड केलेली. ती बदलून पैसे मिळत असते, तर आमच्या गावात आजवर एकानेही का बदलली नाही? आम्ही सगळे येडे आहोत का?
— एक शेतकरी, आर्वी तालुका (जि. वर्धा)

उत्तर : मुळीच नाही. आपला प्रश्न या विषयाच्या मुळाशी जाणारा आहे, म्हणून त्याला जागाही अधिक देत आहोत.

आधी हिशेब मांडू. पुढील आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. आपल्या मोटरचे आकडे घालून आपण तो पुन्हा करून पाहावा. जुनी मोटर सुमारे 5 किलोवॉट वीज ओढते आणि वर्षाला 1,000 तास चालते असे धरले, तर 5,000 युनिट होतात. चांगल्या तारांकित पंपाने त्यातला चौथा हिस्सा वाचला, तर बचत 1,250 युनिटांची झाली. पण वावरात पोहोचणाऱ्या एका युनिटासाठी वीजकेंद्रात एकाहून जास्त युनिट तयार करावी लागतात. वाटेतली गळती 15 टक्के धरली, तर केंद्रात सुमारे 1,470 युनिट वाचतात. भारताच्या वीजजाळ्यात, कोळसा आणि इतर सर्व स्रोत मिळून, एका युनिटामागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे आपल्या एका पंपामुळे वर्षाला जवळपास 1 टन टळला.

आता खर्च. नवा पंप 30,000 रुपयांचा आणि दहा वर्षे टिकणारा आहे असे धरू. हा एकरकमी खर्च वर्षावर्षाला वाटून घ्यायचा, तर व्याज धरावे लागते, आणि हे व्याज म्हणजेच अर्थशास्त्रज्ञांचा वटावदर. दर 5 टक्के धरला, तर वर्षाचा हप्ता सुमारे 3,900 रुपये पडतो. 10 टक्क्यांनी 4,900, 15 टक्क्यांनी 6,000, आणि दोन रुपये शेकड्याने, म्हणजे वर्षाला 24 टक्क्यांनी, सुमारे 8,150 रुपये. केंद्रात वाचलेल्या विजेची किंमत युनिटमागे 4 रुपये धरली, तर वर्षाला 5,900 रुपयांची बचत होते. आता वजाबाकी करून पाहा. 5 टक्क्यांच्या कागदावर टनामागे 2,000 रुपये सुटतात, 10 टक्क्यांच्या कागदावर 1,000 सुटतात, 15 टक्क्यांवर हिशेब जेमतेम बरोबरीत येतो, आणि सावकाराच्या दराने तोच टन सव्वादोन हजार रुपयांना पडतो. पंप तोच, वावर तेच, टनही तोच. अहवाल लिहिणारा सहसा पहिल्या दोन दरांपैकी एक धरतो. गावातला माणूस शेवटच्या दराने जगतो. युक्रेनमध्ये 1993 साली महागाई 10,000 टक्क्यांच्या पुढे गेली होती. तेथील कारखान्याला काही महिन्यांपलीकडचे कर्ज मिळणे कठीण होते, तेव्हा दहा वर्षांत वसूल होणाऱ्या बॉयलर दुरुस्तीचा ‘उणे खर्च’ त्या व्यवस्थापकाच्या काय कामाचा होता?

परंतु आपल्या गावाचे खरे उत्तर व्याजातही नाही. वर जी 5,900 रुपयांची बचत दाखवली, ती आपल्या खिशात येतच नाही. वर्षानुवर्षे कृषिपंपाचे बिल अनेक ठिकाणी मीटरवर नव्हे, एच.पी.वर आले, आणि 2024पासून मार्च 2029पर्यंत 7.5 एच.पी.पर्यंतच्या पंपांना राज्य शासनाने वीज मोफत केली आहे. म्हणजे 30,000 रुपये आपले जाणार आणि वाचलेले पैसे शासनाचे व वीज कंपनीचे. त्यात डीपीवर व्होल्टेज कमी असले की नाजूक मोटर जळते, या अनुभवामुळे शेतकरी गरजेपेक्षा मोठी आणि दणकट मोटर घेतो, तेही त्याच्या जागी शहाणपणाचेच आहे.

नेमकी हीच गोष्ट पोलंड आणि युक्रेनच्या शहरांत घडली, फक्त तेथे पाण्याऐवजी उष्णता होती. (नागपूरला मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेथल्या माणसाला घर तापवण्याचे बिल ही कल्पनाच नवलाची वाटेल.) एका मोठ्या कोळशाच्या केंद्रातून नळांवाटे गरम पाणी शहरभर फिरवायचे आणि प्रत्येक घराच्या भिंतीवरच्या लोखंडी रेडिएटरमधून खोली तापवायची, अशी तेथील रीत. बिल मात्र खोलीच्या क्षेत्रफळावर येई. मीटर नव्हते, नळाला कॉकही नसत. उकडायला लागले की लोक बाहेर बर्फ पडत असताना खिडकी उघडत. कागदावर खिडकीच्या फटी बुजवणे हा सर्वांत स्वस्त पर्याय होता, आणि घरमालकाला त्यातून एक पैसाही मिळणार नव्हता. पोलंडने 1990च्या दशकात वॉर्सा, क्राकोव्ह, ग्दान्स्क, ग्दिनिया या शहरांत जागतिक बँकेच्या कर्जातून या व्यवस्थेची दुरुस्ती केली, इमारतींना मीटर बसवले आणि घरगुती उष्णतेवरचे अनुदान टप्प्याटप्प्याने काढून घेतले. तेव्हा कुठे खिडक्या बंद झाल्या.

आपल्याकडे अनुदान काढा, असे आम्ही म्हणत नाही. कापसाला भाव नसताना ते म्हणणे निर्दयपणाचे होईल. पण ज्याच्या खिशात बचत जाते, त्याने पंपाचे पैसे द्यावेत, एवढे तरी सरळ आहे. घराघरांत पिवळे बल्ब जाऊन एलईडी आले, त्याचे एक कारण असे की, सरकारी एकगठ्ठा खरेदीत एका बल्बची किंमत 2014मधील 310 रुपयांवरून 2016मध्ये 38 रुपयांपर्यंत उतरली आणि बिलातली बचत थेट बल्ब लावणाऱ्याच्याच हाती आली. पंपाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी अजून जुळायच्या आहेत. त्यातही ऑटो स्विच लावून मोटर रात्रभर सोडण्याची सवय राहिली, तर नवा पंप तितक्याच विजेत जास्त पाणी उपसेल, आणि बचतीचा टन विहिरीच्या तळाशी जाईल.

प्रश्न : सौर वीज तीन रुपये युनिटने मिळते असे वाचले. मग आमच्या शेजारची औष्णिक केंद्रे उद्याच का बंद करत नाहीत?
— एक किराणा दुकानदार, मौदा तालुका (जि. नागपूर)

उत्तर : तीन रुपयांची तुलना कशाशी करावी, यावर सारे अवलंबून आहे. उभ्या असलेल्या केंद्राचे भांडवल खर्चून झालेले असते, आणि त्याचा स्थिर आकार केंद्र चालो न चालो, ग्राहकाला द्यावाच लागतो. त्यामुळे सौर विजेने वाचतो तो केवळ कोळशाचा बदलता खर्च. खाणीच्या तोंडाशी असलेल्या केंद्रात हा खर्च अडीच रुपये आहे असे धरले आणि कोळशाच्या एका युनिटामागे सुमारे 1 किलो कार्बन डायऑक्साइड टळला, तर टनामागे 500 रुपये खर्च येतो. कोळसा दुरून रेल्वेने आणावा लागून बदलता खर्च साडेतीन रुपये होत असेल, तर टनामागे 500 रुपये उलट सुटतात. आणि केंद्र अजून बांधायचेच असेल, त्याची वीज सर्व धरून सहा रुपयांना पडणार असेल, तर सौर पर्यायात टनामागे 3,000 रुपयांचा फायदा दिसतो. म्हणून जुने केंद्र मोडणे आणि नवे न बांधणे हे दोन निरनिराळे पर्याय आहेत. वादात ते फार वेळा एकाच दावणीला बांधले जातात.

हा हिशेब दिवसाचा. संध्याकाळी सात वाजता साठवणुकीचा खर्च त्यात चढतो. शेतीचा भार मात्र दिवसा हलवता येतो, आणि 2017 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे मर्म हेच आहे : उपकेंद्राजवळ लहान सौर प्रकल्प उभारून फीडरला (शेतीच्या वीजवाहिनीला) दिवसा वीज द्यायची. चंद्रपूर, गडचिरोलीकडे रात्रीच्या ओलिताला जाणाऱ्या माणसाला वाघाची, रानडुकराची आणि सापाची धास्ती असते. दिवसा पाणी देता येणे ही त्याच्या लेखी सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि टनाच्या हिशेबात तिला रकानाच नाही.

प्रश्न : कोळशाऐवजी गॅस वापरला तर प्रदूषण निम्मे होते ना?
— एक आय.टी.आय. विद्यार्थी, बाळापूर तालुका (जि. अकोला)

उत्तर : केंद्राच्या चिमणीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपुरते पाहिले, तर साधारण निम्मे होते; वाटेत गॅस गळला, तर हा फायदा घटतो. पूर्व युरोपातील अनेक आराखड्यांत हा सोपा पर्याय म्हणून मांडला जात असे, कारण रशियाची नळवाहिनी दारात होती. 27 एप्रिल 2022 रोजी रशियाने पोलंड आणि बल्गेरिया यांचा गॅस बंद केला. पुरवठ्याची जोखीम किमतीत न धरता केलेली तुलना किती फसवी असते, हे त्या दिवशी दिसले. विदर्भापुरते बोलायचे, तर आपल्याला गॅस आयात भावानेच घ्यावा लागेल, आणि त्या भावात रोज चालणारे केंद्र परवडत नाही.

प्रश्न : आम्ही दरवर्षी पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) उपटून धुऱ्यावर रचतो किंवा पेटवतो. ती औष्णिक केंद्रात जाळता येते असे ऐकले. हा पर्याय खरा किती?
— एक महिला बचत गट, राळेगाव तालुका (जि. यवतमाळ)

उत्तर : पर्याय खरा आहे, पण त्याचे वजन आधी डोळ्यांसमोर आणावे. पऱ्हाटीची उष्णता किलोला साधारण साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी, म्हणजे आपल्या राखाळ कोळशाच्या तोडीची. केंद्रांनी कोळशात काही टक्के जैवभार (पिकांचे अवशेष) मिसळावा, असे केंद्र सरकारचे धोरण आहे. येथे 5 टक्के धरू. चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता 2,920 मेगावॉट. ते 70 टक्के भाराने चालले असे धरले, तर त्याला दिवसाला 33 ते 34 हजार टन कोळसा लागेल. त्याचे 5 टक्के म्हणजे सुमारे 1,700 टन, अर्थात दहा टनी 170 ट्रक, रोज. हेक्टरी अडीच टन पऱ्हाटी निघते असे मानले, तर एका दिवसाला 680 हेक्टरांची पऱ्हाटी हवी. ती निघते मात्र वर्षातले दोन-तीन महिने. उरलेले नऊ महिने कोरडी साठवायची कोठे, तिचा भुगा करून गोळ्या पाडायच्या कोणी, आणि फुगीर मालाचे भाडे कोणी सोसायचे, यावर या पर्यायाचे जगणे-मरणे अवलंबून आहे. आमच्या मते तालुक्याच्या ठिकाणी गोळ्या पाडणारे लहान कारखाने आल्याशिवाय हा व्यवहार बसणार नाही. तसा कारखाना जवळ आलाच, तर आपल्या गटाने दर केवळ वजनावर न ठरवता वजन आणि ओल या दोन्हींवर ठरवून घ्यावा, नाहीतर मोजमापाच्या वेळी वाद ठरलेला.

आधाररेषा येथेही विसरू नये. वावरात पेटवली जाणारी पऱ्हाटी केंद्रात गेली, तर तो निव्वळ लाभ. पण जी पऱ्हाटी आणि तुराट्या आज घरच्या चुलीत जातात, त्या ट्रकमध्ये गेल्या आणि चुलीसाठी जंगलातून लाकूड आणावे लागले, तर केंद्राच्या वहीत टळलेला टन रानाच्या वहीत परत येतो. दुसरीकडे, गुलाबी बोंडअळी रचलेल्या पऱ्हाटीत दबा धरून राहते, त्यामुळे ती वेळेवर वावराबाहेर गेली तर पुढच्या हंगामाला मदतच होते. पोलंडने 2005नंतर कोळशात जैवभार मिसळणाऱ्या केंद्रांना हरित प्रमाणपत्रे (हरित वीज केल्याचे, बाजारात विकता येणारे दाखले) दिली. मिश्रण इतके वाढले की प्रमाणपत्रांचा पूर आला आणि 2012च्या सुमारास त्यांचे भाव कोसळले. त्याचा फटका पवनचक्क्या उभारणाऱ्यांना बसला.

प्रश्न : माझे वडील खाणीत कायम कामगार होते, मी ठेकेदाराच्या डंपरवर आहे. टन, रुपये, वटाव सगळे समजले. या हिशेबात आम्ही कोठे आहोत?
— एक वाचक, घुग्घुस परिसर (जि. चंद्रपूर)

उत्तर : बहुतेक कोष्टकांत आपण नाही. असायला हवे होते.

पोलंडमध्ये 1990 साली दगडी कोळशाच्या खाणींत 4 लाखांच्या घरात कामगार होते. तीस वर्षांत ही संख्या 1 लाखाच्या खाली आली. वाऊब्झिख या शहरातल्या खाणी 1990च्या दशकात बंद झाल्या, तेव्हा पर्यायी कामाची नीट सोय झाली नाही, आणि बेकार झालेले खाणकामगार रानात खड्डे खणून, जीव धोक्यात घालून, पोत्यांतून कोळसा विकू लागले. म्हणजे खाण बंद झाली, कोळसा बंद झाला नाही. हा धडा घेऊनच 2021मध्ये सरकार आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला, त्यानुसार खाणी टप्प्याटप्प्याने 2049पर्यंत बंद व्हायच्या आहेत. हवामानाच्या दृष्टीने ही मुदत फार लांबची आहे, अशी टीका त्यावर होते, आणि ती चुकीचीही नाही. युरोपीय संघाने अशा प्रदेशांसाठी 17.5 अब्ज युरोंचा निधी उभारला, त्यातला सर्वांत मोठा वाटा पोलंडला मिळाला. दगडी कोळसा बंद करण्याच्या टनामागच्या किमतीत ही रक्कम धरली की पर्यायांचा क्रम बदलतो, आणि तो बदललेला क्रमच आम्हांला अधिक प्रामाणिक वाटतो.

विदर्भात अडचण वेगळी आहे. पोलंडच्या करारात कामगार संघटनेच्या नोंदीवरचा माणूस केंद्रस्थानी आहे. आपल्यासारखे ठेकेदाराकडचे चालक, लोडिंगवरचे मजूर, टायर पंक्चरवाले, खाणीच्या फाटकासमोर चहा विकणारे, राख वाहणारे हे कोणाच्याच हजेरीपटावर नाहीत, म्हणून नुकसानभरपाईच्या कोणत्याही हिशेबात ते शून्य मोजले जातात. पहिली मागणी मोजणीचीच हवी.

दुसरी गोष्ट पैशांची. 2015पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे खाणबाधित भागांसाठी निधी जमा होतो, पण तो खाणचालकाकडून खनिजाच्या स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) प्रमाणात येतो. खाण चालू तोवर निधी चालू; खाण थांबली की तोही आटतो, म्हणजे ज्या वर्षी आपल्याला त्याची सर्वाधिक गरज पडेल, त्याच वर्षी. खाण बंद करण्याचा खर्च आधीपासून वेगळ्या खात्यात ठेवण्याची मार्गदर्शक तत्त्वे कोळसा मंत्रालयाने 2009 साली काढली. त्या तत्त्वांत पैशांचा मुख्य रोख खड्डे बुजवणे, माती पसरणे, झाडे लावणे यांकडे होता. प्रत्येक खाणीची बंद करण्याची योजना कागदावर असते. आपल्या शेजारच्या खाणीची योजना ग्रामसभेच्या ठरावाने किंवा माहितीच्या अधिकाराखाली मागवा, आणि ती हाती आल्यावर ठेका पद्धतीच्या कामगारांबद्दल तिच्यात एखादे वाक्य तरी आहे का, ते आम्हांला अवश्य कळवा.